मटणवाल्याच्या घरची मांडी

भाऊंचं मटणाचं दुकान आणि आमचं चष्म्याचं दुकान यांच्यामधली भिंत एकच होती. त्यांचा सत्तूर ओंडक्यावर पडला की आमच्याकडे फळीवरच्या काचा किणकिणायच्या. त्या भिंतीला पाठ लावून मी चोवीस वर्षं मालकांची भिंगं घासली. राहायलाही भाऊंच्याच वरच्या मजल्यावर होतो, एका खोलीत, एकटा. त्या घरातलं मला बरंच ठाऊक आहे, पण ते बहुतेक भिंतीपलीकडून आणि जिन्यावरून कळलेलं. भाऊंची मुलगी परवा म्हणाली, "काका, आईबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तुम्हीच लिहा." मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायलाही मला फार वेळ लागतो.

तिची आई म्हणजे वहिनी. भाऊंना सगळी गल्ली भाऊ म्हणायची, म्हणून या वहिनी. बांधा ठेंगणा, पण हात मोठे. दुपारी दुकान बंद झालं की ओंडका खरवडायचा, त्यावर मीठ चोळून ठेवायचं, लोखंडी आकडे उकळत्या पाण्यातून काढायचे, फरशी धुऊन पाणी दारापर्यंत लोटत न्यायचं, ही सगळी कामं त्यांची. गिऱ्हाईक समोर असताना त्या दुकानात फारशा यायच्या नाहीत. आल्या तर काही तरी घ्यायला येत आणि पटकन मागे जात.

मागे दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची आणि माझी खिडकी बरोबर तिच्या वर. वहिनींकडे जाड बुडाचं एक मोठं पातेलं होतं. त्याचं झाकण नीट बसत नसे, म्हणून त्यावर दोन किलोचं एक जुनं वजन ठेवलेलं असायचं. ते वजन तपासणीत कमी भरलं होतं, म्हणून दुकानातून बाद होऊन स्वयंपाकघरात आलं होतं. वाफ आली की ते झाकणावर टक् टक् करायचं. दर आठवड्याच्या माझ्या सुट्टीला सकाळी आठपासून मी ती टक् टक् ऐकायचो आणि एकच्या सुमारास मुलगी झाकलेला वाडगा घेऊन जिना चढायची.

त्या वाडग्यात मान असायची. कधी नळ्या, कधी बरगड्यांचे तुकडे, पण बहुतेक वेळा मानच. कारण त्या घराचा नियम होता, घरचं शेवटी. आकड्याला जे टांगलंय ते मागेल त्याला द्यायचं. शटर अर्धं खाली आल्यावर जे उरेल ते घरात. हा नियम भाऊंच्या वडिलांचा. भाऊ लहान असताना एका गिऱ्हाईक बाईने मागच्या दारातून यांच्या ताटात मांडीचे तुकडे पाहिले. त्या दिवशी मांडी संपली म्हणून तिला खांदा दिलेला होता. सहा महिने ती गल्लीत सांगत फिरली. तेव्हापासून चांगल्या तुकड्याचं नाव घरात निघालं नाही. घरासाठी सांगून ठेवणं नाही, बाजूला काढणं नाही. भाऊंनी तो नियम वडिलांपेक्षाही कडक पाळला. एकदा त्यांना ताप होता आणि डॉक्टरांनी कलेजी खायला सांगितली, तर ते म्हणाले, "उरली तर खाईन." ती काही उरली नाही.

मानेच्या बाबतीत मात्र वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. मान हा चिवट तुकडा. तो पाच तास मंद आचेवर ठेवून त्या असा करत की हाड दोन बोटांत धरून हलवलं तर स्वच्छ मोकळं होऊन हातात यावं. त्या मानेची चरबी आधी काढून टाकत, कारण मानेत आतच पुष्कळ असते. हे मी लिहून ठेवतोय, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आमच्या गावात वर्षातून एकदा मोठी सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी सगळं कुटुंब एकत्र जेवतं आणि टेबलाच्या मधोमध मटणाचा एकच मोठा तुकडा असतो. ज्याला परवडते तो मांडी घेतो. मांडी म्हणजे मागचा अख्खा पाय. भाऊंचा तो वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस. पहाटे साडेपाचला शटर वर जायचं आणि दुपारी दोनला खाली यायचं. कुटुंबाचं जेवण त्यांच्या थोरल्या भावाकडे असे. त्यांची आईही तिकडेच राहायची. थोरली जाऊ म्हणजे माई. माईंकडे ओव्हन होता. त्या दरवर्षी भाऊंकडेच मांडी सांगून ठेवत, इतर गिऱ्हाइकांसारखी. जेवण एक वाजता. भाऊ आणि वहिनी दुकान धुऊन, अंघोळी करून तिथे पोहोचेपर्यंत तीन वाजायचे. तोवर मांडी संपलेली असायची. माई एक झाकलेली ताटली पुढे करत. "ठेवलंय हो तुमच्यासाठी," असं म्हणत, आणि ते खरंही असे. हाडाजवळचे दोन गार तुकडे आणि खाली थिजलेला रस.

वहिनी तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदाच, जिन्यावर मला बाजूला होऊन वाट देताना, त्या म्हणाल्या, "काका, वीस वर्षं ह्यांनी लोकांसाठी मांड्या कापल्या. गिऱ्हाइकाला सांगतात लोण्यासारखी आहे म्हणून. स्वतः कधी गरम खाल्लेली नाही. एकदा मांडीचा पहिला काप ह्यांच्या ताटात पडलेला मला बघायचाय. बाकी माझं काही म्हणणं नाही."

मी "हो का" म्हणालो.

त्याच वर्षी सुट्टीच्या आठवडाभर आधी माई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर गळ्यात अडकवून त्या दुकानात आल्या. मी भाऊंच्या चष्म्याची दांडी दुरुस्त करून द्यायला गेलो होतो, म्हणून हे समोरच ऐकलं.

"यंदा जेवण तुमच्याकडे," माई म्हणाल्या. "माझी मांडी सांगितलेली आहेच. ती इथेच राहू दे."

वहिनी आतून हात पुसत आल्या. "चालेल की."

"जमेल ना गं? नाहीतर ह्यांना सांगते, बाहेरून मागवू."

"जमेल."

"नाही, म्हणजे रोजची मान वेगळी आणि मांडी..."

"माई, जमेल म्हटलं ना."

"बरं बाई. माझा हात मोडलाय, जीभ नाही, म्हणून विचारलं."

भाऊ ओंडक्याकडे बघत हसले. माई गेल्यावर वहिनींनी जाहीर केलं, "जेवण सव्वादोनला. शटर पडल्यावर. तुम्ही येऊन बसल्याशिवाय कुणाला घास नाही."

"दादा उपाशी मरेल," भाऊ म्हणाले.

"एक दिवस मरू दे."

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मांडी निवडली. मी आमच्या दुकानाचं दार ओढून घेत होतो, तर वहिनींनी हाक मारली, "काका, तुम्हीही बघा." बहुतेक त्यांना साक्षीदार हवा होता. आकड्यांना मांड्या ओळीने टांगल्या होत्या. भाऊ एकेकीवर अंगठा दाबून दाखवत होते. "दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. रंग गुलाबी, काळपट नको. हाड बारीक म्हणजे जनावर कोवळं. आणि वरची चरबी पांढरी, कोरडी. पिवळी दिसली तर हात काढून घ्यायचा."

"तुम्ही स्वतःला कुठली घेतली असती?" वहिनींनी विचारलं.

भाऊ गोंधळले. बायको काही तरी भलतंच विचारतेय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी कशाला घेतोय?"

"समजा."

त्यांनी बराच वेळ ओळीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट केलं. "ती. लहान आहे, म्हणून गिऱ्हाईक नको म्हणतं. पण चरबी बघ, कशी एकसारखी बसलीय. ती सगळ्यात चांगली."

"मग तीच घेऊ."

"माईने मोठी सांगितलीय. सहा माणसं आहेत." आणि त्यांनी सगळ्यात मोठी उतरवली.

त्या रात्री जेवायच्या आधी वहिनी वर माझ्या दारात आल्या. "काका, तुम्ही तुमच्या मालकांकडे जेवायला जाता. तिथे मांडी असते ना? किती वेळ शिजवतात हो?"

मालकांकडे मी दोनदा जेवलो होतो. दोन्ही वेळा मांडी होती. कापल्यावर आतून ती गुलाबी दिसली होती आणि मला वाटलं होतं, कच्ची राहिलीय. कामगार म्हणून मधला कच्चा काप मला दिलाय, असंही वाटलं होतं. मी काही न बोलता गिळला होता. तो चांगला लागला होता, पण त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. हे सगळं वहिनींना कसं सांगायचं ते मला कळेना. मी म्हणालो, "मऊ होईपर्यंत."

"एवढंच ना? मग ते मला येतं," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

सकाळी आठ वाजता टक् टक् सुरू झाली. मी खिडकीतून पाहिलं तर अंगणाच्या पायरीवर एका बशीत पांढऱ्या चरबीचे लांब पट्टे होते आणि मांजर ते खात होतं. काही तरी चुकतंय असं मनात आलं. पण माझं म्हणजे काय, मला दुसऱ्याच्या स्वयंपाकात नेहमीच काही तरी चुकतंय असं वाटतं आणि नंतर ते बरोबर निघतं. मी खिडकी लावून घेतली.

एक वाजता थोरले दादा, माई आणि म्हातारी आई आले. पुढच्या शटरबाहेर अजून रांग होती. मलाही बोलावलं होतं. आम्ही मागच्या खोलीत बसलो. मुलीने माझ्या खोलीतलं टेबल आणि त्यांचं टेबल एकाला एक लावलं होतं. उंची सारखी नव्हती, म्हणून मध्ये पायरी पडली होती.

"एक वाजलाय," दादा म्हणाले. "आमच्याकडे एव्हाना हात धुऊन होतात."

"वासानेच पोट भरा," मुलगी म्हणाली.

माईंनी वास घेतला. त्यांची नजर पातेल्याकडे गेली. "कधी ठेवलीस गं?"

"आठला," वहिनी अभिमानाने म्हणाल्या.

माईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. माईंना असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या आपल्या प्लास्टरकडे बघत बसल्या.

दोन वाजता शटर पडल्याचा आवाज आला. भाऊ अंघोळ करून, ओले केस मागे वळवून, स्वच्छ शर्ट घालून आले. त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. वहिनींनी मांडी ताटात काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि दुकानातला लांब सुरा पुढे केला. "तुम्ही कापा. पहिला काप तुमचा."

डोळे मिटून अख्खं जनावर हाडांपासून सोडवणारा तो माणूस. त्यांनी सुरा टेकवला तर कापायला काही लागेचना. मांस दोऱ्यांसारखं सुटं झालं. त्यांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. मग हाड धरून जरा वळवलं, तर ते अख्खं मोकळं होऊन त्यांच्या हातात आलं. ते हाड हातात धरून बसलेले भाऊ मला अजून दिसतात.

काप पडलाच नाही. वहिनींनी डाव घेतला आणि वाढलं. सगळे जेवू लागले. मांडी कोरडी होती. चावावी तितकी तोंडात वाढत होती. म्हाताऱ्या आईने दोन घास खाल्ले आणि चघळलेले दोरे हळूच ताटाच्या कडेला ठेवले. मुलगी रस ओतून घेत होती. माझं काय झालं ते सोडा.

"पाणी दे गं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "पाणी." मग त्यांना राहवलं नाही. "दोरखंड खाल्ल्यासारखं वाटतंय."

"खा मुकाट्याने," माई म्हणाल्या. "लग्नानंतरची माझी पहिली मांडी तुम्ही कुत्र्याला घातली होती. आणि कुत्रा दाराबाहेर सोडून गेला होता."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या भाऊंकडे बघत होत्या. भाऊ सावकाश चावत होते, मन लावून, जणू कुणी त्यांना परीक्षेला बसवलंय. शेवटी त्यांनी घास गिळला.

"अशी असते होय," ते म्हणाले.

"कशी?" मुलीने विचारलं.

"मला वाटलं होतं काही तरी वेगळं असेल. लोक पहाटे रांग लावतात हिच्यासाठी." त्यांनी अजून एक घास घेतला. "आपली मान बरी."

त्यात टोमणा नव्हता. भाऊंना टोमणे येत नसत. एवढी वर्षं विकलेल्या मालाबद्दल त्यांना खरोखर जे वाटलं ते त्यांनी सांगितलं.

जेवणं झाल्यावर मी ताटं उचलून आत नेली. माई मोडका हात सांभाळत मोरीजवळ उभ्या होत्या आणि वहिनी पातेलं घासत होत्या.

"पाच-सहा तास कशाला गं? मांडी कोवळी असते. दीड तास पुष्कळ झाला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंस तरी का? मी बोलायला लागले तर 'जमेल, जमेल'."

वहिनींनी चोळणं थांबवलं. मी ताटं ठेवून निघायला हवं होतं, पण दारात माई होत्या.

"आणि चरबी कुठे गेली?" माईंनी विचारलं. "ती वितळून आत उतरते. म्हणून तर मांडी रसाळ होते."

"मांजरीला घातली."

माई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मनगट दुखलं आणि त्यांनी ओय केलं.

"हसू नका माई," वहिनी म्हणाल्या. "मला लाज वाटतेय ती गोष्ट वेगळी. पण ह्यांना आता वाटतंय, मांडी अशीच असते."

माईंचं हसू गेलं. "मग सांग त्यांना. म्हणावं, माझं चुकलं."

"सांगून काय कळणार? खायला हवी."

तिथेच उभ्या उभ्या माईंनी सगळं सांगितलं. ओव्हन नसला तरी चालतो. पातेलं चांगलं तापवायचं, मांडी सगळ्या बाजूंनी लाल करून घ्यायची, मग झाकण आणि मंद आच. पाणी अगदी थोडं. दीड तासाने काढायची आणि पंधरा मिनिटं तिला हात लावायचा नाही. वहिनींनी प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं.

आता अडचण मांडीची होती. पुढच्या महिन्यात वहिनींनी भाऊंना विचारलं. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

"एखादी लहान मांडी घरासाठी ठेवा ना."

"घरचं शेवटी."

"एकदाच."

"एकदा केलं की नियम कसला? आणि आपल्याला आवडली कुठे? आपण खाऊन बघितली ना."

दोन-तीन महिन्यांनी वहिनींनी परत विचारलं.

"माईंच्या नावावर सांगू का?"

"आता दुकानात खोटं बोलायचं?"

दुसऱ्या दुकानातून आणायचा प्रश्नच नव्हता. मटणवाल्याची बायको दुसऱ्याकडून मटण नेते म्हटल्यावर गल्लीने काय ते समजून घेतलं असतं. शेवटपर्यंत मांडी कधी उरत नसे. असं करत वर्ष गेलं. माईंचं मनगट बरं झालं. जेवण परत त्यांच्याकडे गेलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटे मला नेहमीसारखी रांगेच्या कुजबुजीने जाग आली. मी पुढच्या खिडकीशी गेलो. खाली पंधरा-वीस माणसं पिशव्या घेऊन उभी होती आणि तिसऱ्या नंबरवर वहिनी होत्या. डोक्यावरून शाल, हातात पिशवी. मागच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून त्या स्वतःच्याच दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी चपला शोधल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबलो.

"वहिनी, तुमचं घर मागे आहे," मागचा माणूस म्हणाला. "अंधारात चुकलात काय?"

"रांगेत आहे. ढकलू नका."

"भांडण झालेलं दिसतंय घरात," पुढची बाई म्हणाली.

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या. "होईल आता."

शटर वर गेलं. पहिलं गिऱ्हाईक झालं, दुसरं झालं. भाऊंची मान खाली होती, ते सुऱ्याला धार लावत होते.

"बोला."

"एक मांडी. अख्खी."

भाऊंनी वर पाहिलं. धार लावायची सळई हातातच राहिली. "अगं, तू काय करतेस इथे?"

"मागेल त्याला द्यायचं ना? मी मागतेय."

"घरचं शेवटी असतं."

"हे घरचं नाही. मी पाचच्या आधीपासून उभी आहे. पैसे आणलेत, माझे."

नियमात हे कुठेच बसत नव्हतं आणि नियमाने नाहीही म्हणता येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी एवढा विचार केला नसावा.

"द्या हो लवकर," मागचा माणूस ओरडला. "आमचेही नंबर आहेत."

"नाही दिली तर दुपारी भाऊच उपाशी," आणखी कुणी तरी म्हणालं.

भाऊंनी सळई खाली ठेवली. "कुठली?" त्यांनी विचारलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात.

वहिनी पुढे झाल्या. दोन-तीन मांड्यांवर त्यांनी अंगठा दाबून पाहिला. मग कोपऱ्यातल्या आकड्यापाशी गेल्या. तिथे एक लहानशी होती. "ही."

भाऊंनी ती उतरवली आणि काट्यावर ठेवली. काट्यावर बोट टेकवलं नाही, वरून जास्तीचा तुकडाही टाकला नाही. मग सवयीने सुरा उचलला. "चरबी काढून देऊ?"

"चरबीला हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी झाकणावरच्या वजनाची टक् टक् साडेबारा वाजता सुरू झाली. सकाळभर खालून आवाज नाही म्हणून मला चुकल्यासारखं होत होतं. माईंना वहिनींनी आधीच कळवून ठेवलं होतं की आम्ही जेवूनच येऊ. दोन वाजायला काही मिनिटं असताना वहिनींनी खालून हाक मारली, "काका, या. गेल्या वर्षी 'मऊ होईपर्यंत' म्हणालात ना? आता येऊन खायचं." माझे कान गरम झाले, पण गेलो.

शटर पडलं. भाऊ आले. मांडी ताटात झाकून ठेवलेली होती. त्यांनी सुरा टेकवला आणि या वेळी तो लागला. काप पडला, पातळ, अख्खा, त्यांच्या ताटात. वरची कड तपकिरी आणि मध्ये गुलाबी.

भाऊंनी काप सुऱ्याच्या टोकाने उलटला. "कच्ची राहिलीय," ते म्हणाले.

वहिनींचा चेहरा पडला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला हवं होतं आणि त्या वेळी मी बोललो. "नाही भाऊ. अशीच असते. मी दोनदा खाल्लीय."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. हा शब्द मी फार वेळा वापरलेला नाही.

भाऊंनी घास घेतला. चावला. त्यांनी तो काप संपवला, दुसरा कापला, तोही संपवला. वहिनी उभ्याच होत्या, हातात डाव तसाच.

"बाबा, कशी आहे?" मुलीला राहवलं नाही.

"थांब," भाऊ म्हणाले आणि तिसरा काप घेतला. तो खाऊन झाल्यावर त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "मग गेल्या वर्षीची काय होती?"

"ती मान होती," वहिनी म्हणाल्या. "मांडीची मान केली होती मी."

"बस आता," भाऊ म्हणाले. "गार होईल." वहिनी बसल्या. भाऊंनी त्यांच्या ताटात काप वाढला आणि मग मुलीच्या आणि माझ्या. तीन वाजता ती माणसं माईंकडे गेली. मी वर येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे एक फरक पडला. मांडी न्यायला कुणी आलं की भाऊ आधी "लोण्यासारखी आहे" म्हणायचे. आता म्हणू लागले, "दीड तास, मंद आचेवर. चरबी काढू नका. आणि आत गुलाबी दिसली तर घाबरू नका, अशीच असते." कित्येक गिऱ्हाइकं सांगायची की भाऊ, आम्हाला माहीत आहे. ते तरीही पूर्ण सांगायचे.

नियम मात्र मोडला नाही. वर्षभर घरात मानच शिजायची आणि सुट्टीच्या पहाटे वहिनी शाल घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. गल्लीला सवय झाली. पुढे उभं असलेलं कुणी कधी कधी त्यांना पुढे जा म्हणायचं, पण त्या जात नसत. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी घरातून एक स्टूल आणलं आणि रांगेत त्यावर बसू लागल्या, नंबर सरकला की स्टूल सरकवत. त्यांची पाळी आली की भाऊ मान वर न करता "बोला" म्हणत.

ती लहान मांडी दरवर्षी कोपऱ्यातल्याच आकड्याला असायची, दोन मोठ्या मांड्यांच्या मागे. पुढच्या गिऱ्हाइकाला ती सहज दिसत नसे. याला बाजूला काढणं म्हणायचं की नाही, ते मी भाऊंना कधी विचारलं नाही.